डिझेल गाडीला गॅस किट: मेकॅनिकल घ्या नाहीतर इलेक्ट्रॉनिक, पण या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या दाजींची पिकअप मांजरसुंब्याच्या घाटात बसली. जालन्याहून मोसंबी भरून सोलापूरला निघाले होते, गेवराईपर्यंत गाडी पळाली मस्त, घाटात दुसऱ्या गिअरवर इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला, मग पांढरा धूर, मग जोरच गेला. इंजिन खोललं तर तिसऱ्या पिस्टनची रिंग बसायची खाच तुटलेली अन् कडेचं अॅल्युमिनियम मेणासारखं वितळलेलं. कारण एवढंच, डिझेलसोबत गॅस सोडणाऱ्या किटचा गॅस कमी-जास्त करायचा स्क्रू. मिस्त्रीनं आठ दिवसांपूर्वी अर्धा फेर जास्त उघडून दिला होता, म्हणे अजून अॅव्हरेज वाढंल.

तेव्हापासून जो तो मला विचारायलाय की मेकॅनिकल किट (स्क्रूनं गॅसचं माप ठरतं ते) चांगलं का इलेक्ट्रॉनिक (सेन्सर बघून माप ठरवणारं). तर आधी मुळातलं बघा. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबली की तापते अन् त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं, त्याला साधारण 210 अंश पुरतात. एलपीजीला आपोआप पेटायला 400 च्या आसपास लागतात, सीएनजीला 500 च्या वर. म्हणून आपण हवेसोबत थोडा गॅस आत सोडतो अन् त्याला काडी लावायचं काम डिझेल करतं. डिझेल पूर्ण बंद करून गाडी गॅसवर चालंल असं कुणी सांगत असंल तर तो एकतर इंजिनच बदलायचं बोलायलाय नाहीतर फेकायलाय.

सगळ्यात मोठी चूक इथंच होते, पेट्रोल गाडीचं किट उचलून डिझेलला लावतात. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल, म्हणजे हवा अडवणारी झडप असते, पाय काढला की मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम तयार होतो अन् जुनी किटं त्या ओढीवरच चालतात. जुन्या डिझेलला थ्रॉटलच नाही, ते कायम पोटभर हवा ओढतं. मग ते किट काय बघून गॅस सोडणार? आयडलवर, म्हणजे पेडल न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, एवढ्या हवेत चिमूटभर गॅस विरून जातो, धड जळत नाही, सायलेन्सरमधून गॅसचा वास मारतो अन् आपल्याला वाटतं कुठंतरी लीक आहे. फुल लोडवर तोच गॅस जास्त होतो, मग खडखड. गॅसचा खरा फायदा मधल्या लोडला आहे, अन् मेकॅनिकल किटला मधलं काय अन् वरचं काय कळत नाही, ते आंधळंच असतंय.

तरीपण मेकॅनिकल टाकाऊ नाही बरं का. जनरेटर, पंपसेट, जुना ट्रॅक्टर, म्हणजे जिथं एकाच आरपीएमवर तासन् तास काम चालतं, तिथं ते निवांत चालतं. इंजिनाच्या डिझेल पंपाला गव्हर्नर असतो, गॅसनं जोर वाढला की तो आपोआप डिझेल कमी करतो. पण घाट, ब्रेकर, ऊस भरलेली ट्रॉली, मग रिकामं परत, असं ज्याचं काम आहे त्याला इलेक्ट्रॉनिकच बरं, कारण ते आरपीएम, पेडल, टर्बोचा दाब अन् कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान बघून माप ठरवतं अन् पाय काढला की गॅस तोडतं. मेकॅनिकलमध्ये उतारावर पाय काढला तरी गॅस चालूच, आत डिझेल नाही म्हणून तो न जळता बाहेर, फुकटात गेला.

आता सेटिंग, म्हणजे गॅस किती सोडायचा ते. आपल्याकडं सेटिंग कसं होतंय? गाडी गॅरेजमध्ये उभी, रिकामी, मिस्त्री रेस देतो, कान लावतो, स्क्रू फिरवतो, झालं. जानेवारीत सकाळी असं सेट केलेलं किट मे महिन्यात 42 अंशाला, भरलेल्या गाडीत, चढावर खडखडणारच, कारण आत जाणारी हवाच तापलेली असते. भरलेली गाडी घेऊन, दुपारी, चढावर बघा. आवाज आला की गॅस कमी करा अन् तिथून अजून थोडा मागं या. स्क्रूचा चेक नट घट्ट केला की त्यावर नेलपॉलिशची एक रेघ मारून ठेवा, कुणी हात लावला की लगेच दिसतं.

दुसरं आपल्याच भागातलं, एअर फिल्टर. काळ्या रानातली धूळ, त्यात जिनिंगच्या दिवसात कापसाचं बारीक तूस, फिल्टर महिन्यात जाम होतो. साध्या डिझेलमध्ये काळा धूर मारतो तेवढंच, पण मिक्सर (हवेत गॅस मिसळणारा भाग) फिल्टरच्या मागं असला की चोंदलेल्या फिल्टरमुळं ओढ वाढते अन् मिक्सर जास्त गॅस खेचतो. म्हणजे हवा कमी अन् गॅस जास्त. लोक रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा डबा) बदलतात, पाइप बदलतात, फिल्टर कुणी काढून बघत नाही राव.

थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन गरम होईस्तोवर कूलंट अडवून धरणाऱ्या वॉल्व्हचं, तर काय सांगावं. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून निम्म्या गाड्यांचा थर्मोस्टॅट मिस्त्रीनं काढून फेकलेला असतो. रिड्युसरला कूलंटची गरमी लागते, एलपीजी द्रवातून वायू होताना थंडी पडते म्हणून. थर्मोस्टॅट नसंल तर हिवाळ्यात, परभणीकडच्या थंडीत तर विचारूच नका, इंजिन गरमच होत नाही. मेकॅनिकल किट असंल तर रिड्युसरवर पांढरं बर्फ धरतं, द्रव गॅस तसाच पुढं जातो अन् गाडी झटके मारते. इलेक्ट्रॉनिक असंल तर ते शहाणं, साधारण 35 ते 40 अंश झाल्याशिवाय गॅसवर जातच नाही, अन् मालक फोनवर ओरडतो की तुमचं किट खराब आहे. किट नाही ओ, थर्मोस्टॅट बघा. रिड्युसरला गरम कूलंट नेणाऱ्या पाइपात हवा अडकली तरी असंच होतंय.

इलेक्ट्रॉनिकच्या बाकीच्या तक्रारी बहुतेक वायरीच्याच असतात. वायर सोलून पिळली, टेप मारली, अर्थिंगची वायर रंगाच्या पत्र्यावर कसली, अन् महिन्यानं धुवायच्या पंपानं प्रेशर मारलं की ईसीयूत (किटच्या कंट्रोलच्या डब्यात) पाणी. अर्थिंग घासून चकाकणाऱ्या लोखंडावर घ्या, कनेक्टरचं तोंड खाली ठेवा. उंदीर हा वेगळाच विषय. अन् पैसे वाचवायला एक्झॉस्टच्या तापमानाचा सेन्सर गाळू नका, पिस्टन वितळायच्या आधी तोच सांगतो. गॅस जास्त अन् डिझेल फारच कमी केलं तर डिझेल फवारणाऱ्या नोजलची टोकंपण जातात, कारण त्यांना थंड ठेवतं ते त्यातून जाणारं डिझेलच.

काहीही बिघडलं तर पहिलं काम, गॅस बंद करून नुसत्या डिझेलवर गाडी चालवा. तोच आवाज, तोच धूर राहिला तर दोष नोजलचा नाहीतर पंपाच्या टायमिंगचा आहे, किटला शिव्या देऊ नका. टायमिंग आधीच पुढं ओढलेलं, म्हणजे डिझेल लवकर सुटंल असं केलेलं असंल तर त्यावर गॅस म्हणजे मरणच.

बचतीचा हिशोब लई जण चुकवतात, फक्त डिझेल मोजतात. ऊर्जेच्या मापानं 1 किलो एलपीजी म्हणजे साधारण सव्वा लिटर डिझेल, सीएनजीचा किलोही जवळपास तेवढाच. म्हणजे 1 किलो गॅसमध्ये 5 लिटर डिझेल वाचलं असं कुणी म्हणलं तर टाकी फुल करताना कुठंतरी घोळ झालाय. टाकी फुल ते टाकी फुल मोजा अन् गॅसचे पैसे त्यात धरा. पंपावर ऑटो एलपीजी लिटरनं मिळतो अन् लिटरमध्ये जेमतेम अर्ध्या किलोच्या वर गॅस असतो, हेपण ध्यानात ठेवा.

बीएस 6 गाडी, म्हणजे 1 एप्रिल 2020 नंतरची, तिला असलं काही लावूच नका. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) अन् सेन्सर एकमेकांत एवढे गुंतलेत की बाहेरचा गॅस आला की चेक इंजिनचा लाईट अन् वॉरंटीचा प्रश्न. जुनी गाडी असंल तरी आधी आरटीओत विचारा की तुमच्या मॉडेलला मंजूर किट आहे का अन् आरसीवर नोंद होते का. नोंद नसंल तर अपघातानंतर विमावाले पहिलं तेच काढतात. अन् घरचा 14.2 किलोचा सिलेंडर गाडीत ठेवून पाइप जोडायलेत काही महाभाग, ते बेकायदा तर आहेच, वर एलपीजी हवेपेक्षा जड, लीक झाला की सीटखाली साचून बसतो. सीएनजी हलका, वर जातो, पण त्याच्या टाकीत 200 बारचा दाब असतो, तिची दर 3 वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्यानं दाब देऊन तपासणी) चुकवू नका.

जुन्या गाड्यांत अजून एक फसवणूक आहे. इंजिन नॉब ओढून बंद करतात अन् चावी ऑनच राहते, सोलेनॉइड (गॅस चालू-बंद करणारा विजेचा वॉल्व्ह) चावीवर जोडलेला असंल तर तो उघडाच. रिड्युसरचा रबरी पडदा जुना झाला असंल तर रात्रभर गॅस हळूहळू मॅनिफोल्डमध्ये. म्हणून सोलेनॉइड आरपीएमवर नाहीतर ऑइल प्रेशरच्या स्विचवर घ्या, इंजिन थांबलं की गॅस थांबला पाहिजे. लीक बघायला साबणाचं पाणी, काडी नाही, अन् गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर उभी करून तर अजिबात नाही.

दाजींचं इंजिन उतरून चढेपर्यंत गाडी पंधरा दिवस उभी होती. आता ते घाट लागला की गॅसचा स्विच बंद करतात. स्क्रूवरची लाल रेघ ताईच्या नेलपॉलिशची आहे, अन् गाडी कुठल्याही गॅरेजातून आली की ताई आधी बोनेट उघडून ती बघते.