मी कामगार नाही, हे मला बेचाळिसाव्या दिवशी कळलं

मी कॉलेजात तासावर शिकवते. तिथल्या टाइमटेबलवर माझ्या नावावर व्हाइटनर फासला होता आणि त्यावर निळ्या पेनाने दुसऱ्याच कुणाची तरी आद्याक्षरं. डिसेंबर चालू होता, पहिल्या वर्षाच्या (एफवायच्या) मुलांचे पेपर तपासायचे बाकी होते आणि मी स्टाफरूमबाहेर उभी राहून नखाने तो पांढरा थर खरवडत होते. तीन दिवसांनी, ११ डिसेंबरला, पत्र हातात पडलं. वर्कलोड कमी झाल्याने सेवा संपुष्टात, दोन ओळी, खाली सही.

सीएचबी म्हणजे काय (क्लॉक अवर बेसिस, तासागणिक पैशांवर शिकवणं), नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेल्यांना वर्षानुवर्षं तासावर का राबावं लागतं, भरती कशी अडते, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. मी जिथे अडकले तेवढंच सांगते, आणि ते जरा पाल्हाळ लावून सांगणार आहे.

आमचं घर मुंबईतल्या काळाचौकीचं. बाबा गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले एक. त्यांच्या तोंडी अजूनही ‘डॉक्टर’ म्हणजे सामंतच. तेव्हा पत्र घेऊन घरी आल्यावर आमच्याकडे काय ठरणार? ‘युनियनचा माणूस गाठ, लेबर कोर्टात जा.’ बाबांच्या ओळखीच्या एका वकिलांनी गिरणीवाल्यांची देणी आयुष्यभर सोडवलेली. त्यांनी नोटीस काढली, मग कामगार आयुक्तांकडे अर्ज. मधे नाताळ, मधे त्यांना ताप. मी निवांत होते, कारण प्रकरण ‘चालू’ होतं.

२२ जानेवारीला तिथल्या अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला आणि शांतपणे विचारलं, “मॅडम, तुम्ही शिकवता ना? मग तुम्ही कायद्याने कामगार नाही.”

“मग मी कोण?”

“शिक्षक.”

तेव्हा राग आला होता, पण ते बरोबरच बोलत होते. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगून ठेवलंय की औद्योगिक विवाद कायद्याच्या (तो २०२५ पर्यंत लागू होता) ‘कामगार’ या व्याख्येत शिक्षक बसत नाही. त्याचं काम ना अंगमेहनतीचं, ना कारकुनी, ना तांत्रिक, ना देखरेखीचं. (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फायली भरणाऱ्या कुणालाही हे ‘कारकुनी नाही’ वाचून हसू येईल.) गंमत म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकाला ‘कर्मचारी’ म्हटलंय, तेही ३ एप्रिल १९९७ पासून मागे जाऊन. एका कायद्यात होतो, दुसऱ्यात नव्हतो. बाबांना हे पटवताना माझी दमछाक झाली. “आठ तास उभा राहिलो तो मी कामगार, आणि पाच तास उभी राहतेस ती तू कोण गं?” असं ते अजूनही विचारतात.

खासगी कॉलेजातून काढलं तर आपलं दार वेगळं आहे: विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात त्याची तरतूद आहे, आधीच्या १९९४ च्या कायद्यातही होती. अपिलाची मुदत पत्र मिळाल्यापासून तीस दिवस. माझा तिसावा दिवस १० जानेवारी. त्या दिवशी मी काय करत होते ते आठवतं मला: वकिलांच्या बाकावर बसून चहा पीत होते.

पुन्हा सांगते, कारण हे वाचूनही विसराल. नोटीस पाठवली म्हणून तीस दिवस थांबत नाहीत. प्राचार्य ‘बघू, पुढच्या टर्मला घेऊ’ म्हणाले म्हणून थांबत नाहीत. मॅनेजमेंटला विनंती अर्ज दिला, सुट्टी लागली, तरी मोजणी चालूच. पत्र मिळालेल्या दिवसाची नोंद ठेवा, पोस्टाने आलं असेल तर पाकीट फेकू नका. पत्रच दिलं नाही, नुसतं तोंडी ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणाले, तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या. क्लार्क टाळाटाळ करेल. उभं राहायचं. तो जांभळा शिक्का पुढे तुमच्या पीएचडीपेक्षा जास्त कामाला येतो.

पगार, रजा, असल्या तक्रारींसाठी मात्र न्यायाधिकरण नव्हे, विद्यापीठाची तक्रार निवारण समिती. दोन्ही एकात कालवू नका.

मुदत गेली म्हणजे सगळं गेलं असंही नाही, घाबरू नका. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होतो. माझा झाला. पण त्यात वर्ष गेलं, आणि मग समोरच्या वकिलांनी माझ्याच नेमणुकीच्या ऑर्डरची शेवटची ओळ वाचून दाखवली: ‘नेमणूक ३० एप्रिलअखेर आपोआप संपुष्टात येईल.’ भांडण उरलं ते चार महिन्यांच्या तासांच्या पैशांचं. मिळाले. नोकरी नाही. म्हणून ऑर्डर हातात आल्याबरोबर शेवटून वाचायला लागा.

आणि तुमच्या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता आली का, ते दर वर्षी विचारा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत कंत्राटी अनुभव धरायला अटी आहेत: रीतसर निवड समिती हवी, आणि एकूण मेहनताना नियमित सहायक प्राध्यापकाच्या पगारापेक्षा कमी नको. तासावर राबणाऱ्या किती जणांना ही दुसरी अट पुरी करता येते, हिशोब तुम्हीच करा. ‘पाच वर्षं काढ, अनुभव होईल’ म्हणणाऱ्या पीएचडीच्या गाइडना हे माहीत नसतं, किंवा असतं आणि सांगत नाहीत. गाइड संशोधनासाठी असतो, नोकरीचा सल्ला त्याच्याकडून घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. ‘गप्प राहिलीस तर कायम होशील’ हे मीही चार वर्षं ऐकलं. गप्प राहिले. व्हाइटनर लागायचा तो लागलाच.

आता प्राध्यापकांच्या संघटनेबद्दल. मुंबईत बुक्टू आहे, राज्यभराची एमफुक्टो. कायम झाल्यावर बघू म्हणून मी त्यांच्याकडे फिरकलेच नव्हते, हा माझा दुसरा गाढवपणा. तिथे गेल्यावर एका निवृत्त मॅडमनी माझं पत्र हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, “मिळालं कधी?” बाकी काही नाही. पहिल्याच दिवशी गेले असते तर!

संघटना जादू करत नाही, हेही ऐकून ठेवा. २०१३ मध्ये फेब्रुवारी ते मे परीक्षांच्या कामावर बहिष्कार चालला, तेव्हा सरकारने ७१ दिवसांचा पगार अडवला आणि तो परत मिळवणं हीच पुढे कित्येक वर्षं एक मागणी होऊन बसली. कायम असलेल्यांची ही गत. गिरणी थांबली की मालकाचं कापड थांबतं, आपण थांबलो की मुलांचे निकाल थांबतात आणि पेपरवाले आपल्यालाच झोडपतात. तासावरच्या माणसाने संपात उतरावं का, याचं उत्तर मी दुसऱ्याला देणार नाही. मी २०१८ च्या सप्टेंबरात उतरले होते, त्या महिन्याचं भाडं भावाने भरलं.

आता दुसऱ्या कॉलेजात आहे, अजून तासावरच. संघटनेकडे जाल तेव्हा ऑर्डर, मान्यतेचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट आणि टाइमटेबलचा फोटो न्या. फोटो दर टर्मच्या पहिल्या आठवड्यातच काढून ठेवायचा. आणि संध्याकाळी जा, दुपारी सगळे लेक्चरवर असतात.