हंचबॅक घेऊन हरताय? या चुका टाळा

बॅटलटेक हा महाकाय लढाऊ यंत्रांचा बोर्डगेम खेळायला लागलेला माणूस हंचबॅक एचबीके-४जी हौसेने घेतो आणि लढाई रंगात येण्याआधीच गमावून बसतो. ५० टनांचा हा मध्यम वजनाचा मेक, म्हणजे पायलट आत बसून चालवतो ते लढाऊ यंत्र. उजव्या खांद्यावरच्या कुबडात ऑटोकॅनन/२०, दोन्ही हातांत एकेक मीडियम लेझर, डोक्यात एक स्मॉल लेझर. यंत्र उत्तम आहे, नडते ती आपली घाई.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तोफ लांबून डागणे. पल्ला ९ हेक्सचा (नकाशावरच्या षटकोनी घरांचा) आहे, पण गोळे फक्त १०. समजा पायलटची गनरी (नेमबाजीचा आकडा, कमी तितका चांगला) ४ आहे, तुम्ही धावत आलात, शत्रू ५ हेक्स सरकलाय आणि अंतर ६ हेक्स आहे. दोन फाशांवर १० किंवा जास्त लागतात, म्हणजे ३६ पैकी ६ शक्यता. तेच चालत येऊन ३ हेक्सच्या आत, ३-४ हेक्स सरकलेल्या शत्रूवर डागलं तर ६ पुरतात, ३६ पैकी २६ शक्यता. तोवर टेकडी, जंगल, इमारतीआड थांबा. एकाच ठिकाणी २० नुकसान करणारा हा गोळा डोक्याला लागला तर मेक संपलाच (चिलखत ९, आतला सांगाडा ३). इतरत्र लागला तरी शत्रूच्या पायलटला पडू नये म्हणून फासे टाकावे लागतात. असा गोळा अंदाजाने उधळणं मला पाहवत नाही.

इनिशिएटिव्ह (आधी कोण हलणार हे ठरवणारे फासे) हरलात तर आधी दुसरे मेक हलवा, हंचबॅक शेवटी. तो आधी हलला की शत्रू त्याच्या पल्ल्याबाहेर जातो, नाहीतर सरळ मागे येतो.

आणि मागे आला तर? छातीच्या दोन्ही बाजूंना पुढून चिलखत २०, मागून फक्त ४. एक मीडियम लेझर ५ नुकसान करतो, म्हणजे एकाच फटक्यात आत शिरतो. मग क्रिटिकलच्या (आतला भाग निकामी होतो का, हे ठरवणाऱ्या) फाशांवर ८ किंवा जास्त पडले आणि डाव्या बाजूचा दारूगोळा सापडला, तर दहाही गोळे शिल्लक असताना २०० नुकसानीचा स्फोट होतो. त्यामुळे फेरी संपताना पाठ नकाशाच्या कडेला लागलेली असावी, किंवा मागे आपलाच दुसरा मेक हवा.

उष्णतेचं सोपं आहे. धावत सगळी शस्त्रं डागली की उष्णता १६, ती शोषणारे हीटसिंक १३. दोन फेऱ्या असंच केलंत तर ६ साठते आणि चाल एकाने घटते. एक मीडियम लेझर गप्प ठेवा, हिशेब बरोबर १३ वर येतो.

उजवी बाजू उडून तोफ गेली, तर उरलेला दारूगोळा पोटात घेऊन फिरू नका, टाकून द्या. टाकताना मात्र धावता येत नाही आणि त्या फेरीत मागून फटका बसला तर तो फुटतो, म्हणून आधी आडोसा गाठा.

शेजारच्या हेक्समध्ये शत्रू असेल तर लाथ विसरू नका. १० नुकसान, तेही थेट पायाला, आणि उष्णता शून्य. चुकली तर आपल्यालाच तोल सांभाळायचे फासे टाकावे लागतात, तरी बहुतेक वेळा हा धोका पत्करण्यासारखा असतो.

एवढं करूनही दारूगोळ्याची धास्ती वाटत असेल, तर ४पी प्रकार घ्या. त्यात तोफेऐवजी कुबडातच सहा मीडियम लेझर आहेत, हातांतले धरून आठ, आणि २३ हीटसिंक.