इंजिन बांधताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून बोरिंग-होनिंग (सिलिंडर आतून कापून, दगडानं घासून घेणं) होऊन आलेला इंजिनचा ब्लॉक दिसायला लखलखीत असतो. त्यामुळे बऱ्याचदा त्यावर डिझेल आणि हवा मारून तो थेट बांधायला घेतात, आणि घोळ इथेच होतो. होनिंगच्या दगडाचे कण बोअरवरच्या (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरच्या) बारीक रेघांत रुतून बसलेले असतात. डिझेलनं तेलकटपणा जातो, कण तसेच राहतात. गरम पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि ताठ नायलॉन ब्रश घेऊन बोअर धुवा. मग पांढऱ्या सुती कापडाला इंजिन ऑइल लावून पुसून बघा. कापड करडं निघालं तर पुन्हा धुवा. कापड स्वच्छ निघेपर्यंत पिस्टनच्या रिंगांना हात लावू नका, नाहीतर नव्या रिंगा लवकर झिजतात आणि खर्च करूनही गाडी ऑइल खाते.

धुतलेला ब्लॉक वाळवला की लगेच तेल लावा. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत कोरडा बोअर रात्रीत तांबूस होतो. काम उद्यावर गेलं तर प्लास्टिकनं झाका.

ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) प्लग काढून आतून लांब ब्रश फिरवा. क्रँकची तेलाची भोकंही तशीच साफ करा. धागे सुटणारी चिंधी वापरू नका. जुनं गॅस्केट पॉलिश पेपरनं घासू नका, त्याची पूड तेलातून बेअरिंगमध्ये जाते. प्लास्टिकची पट्टी आणि धीर पुरेसा आहे.

बेअरिंग शेलची (क्रँकभोवती बसणाऱ्या अर्धगोल पट्टीची) पाठ आणि ती धरणाऱ्या कॅपची बैठक अगदी कोरडी हवी, तेल फक्त आतल्या बाजूला. पाठीमागे धुळीचा एक कण अडकला तरी शेल तिथे उचलला जातो. इथली क्लिअरन्स, म्हणजे क्रँक आणि शेलमधली फट, मिलिमीटरच्या काही शतांशांची असते, ती संपली की बेअरिंग घासलंच. कॅप काढतानाच नंबर आणि दिशा खुणावून ठेवा, अदलाबदल चालत नाही.

हेड बोल्टची बंद भोकं हवेनं कोरडी करा. तळाशी तेल वा पाणी राहिलं तर बोल्ट ते दाबतो, टॉर्क (आवळण्याचा जोर) खोटा दाखवतो, कधी ब्लॉकही तडकतो. ताणाचे (आवळताना कायमचे ताणले जाणारे) बोल्ट असतील तर नवेच घाला.

चेंबरला (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीला) सिलिकॉन पातळ लावा. आत आलेला जादा थर सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो.

चालू करण्याआधी फिल्टर ऑइलनं भरून घ्या, स्पार्क प्लग काढा, इंधन बंद ठेवा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबत-थांबत फिरवा. दिवा विझतच नसेल तर इंजिन चालू करू नका, आधी पंप आणि जाळी तपासा.

पहिलं ऑइल ५०० ते १००० किलोमीटरला काढा आणि फिल्टर कापून बघा. तांबूस कण बेअरिंगचे. चुंबकाला न चिकटणारे पांढरट कण बहुधा पिस्टनचे.