पोकर शिकायचंय पण खिशाला हात लावायचा नाही? मग टूर्नामेंट अशी शोधा

आमच्याकडे पत्ते कुणाला शिकवावे लागत नाहीत. गणपतीत रात्रीची आरती आटपली, उसळ-पाव खाऊन झालं की पडवीत चटई पसरते आणि तीन पत्ती नाहीतर मेंढीकोट सुरू. पण दोनेक वर्षांपूर्वी मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्याने मोबाईलवर पोकर दाखवला आणि तेव्हापासून गावातली निम्मी पोरं त्याच्या मागे, आणि मी जरा आधीपासून खेळतो म्हणून मला विचारत असतात, "दादा, धा-वीस रुपयाची टूर्नामेंट खंय गावता रे?"

तर आधी तेवढंच सांगून टाकतो. ऑनलाइन, आपल्या देशात, पैसे लावून, कायद्याने चालणारी अशी आता कुठेच गावत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, आणि त्यात पैसे भरून पैसे जिंकायच्या ऑनलाइन गेमवर सरळ बंदी आहे, मग तो डोक्याचा असो की नशिबाचा. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, नुसती जाहिरात केली तरी २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही हे खरं, पण मोठ्या कंपन्यांनी लगेच दुकानं बंद केली, त्यामुळे आज कुणी "आमच्याकडे चालू आहे" म्हणत असेल तर तो बाहेरच्या देशातला नाहीतर चोरून चालवणारा, आणि तिथे पैसे अडकले तर जाऊन बोंबलायचं कुणापुढे? पत्रादेवीचा नाका ओलांडून पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर पोकर होतो, पण ते ऑनलाइन नाही, २१ वर्षांखालच्याला आत घेत नाहीत, आणि शिकाऊ माणसाच्या खिशाला ते परवडणारंही नाही.

राहिली फुकटची, म्हणजे खोट्या चिप्सची (पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या) टूर्नामेंट. तोंड वाकडं करू नका. शिकायला तीच बरी, फक्त नीट निवडता आली पाहिजे, कारण फुकटात निम्मा कचरा असतो. पुढचं सगळं त्या निवडण्याबद्दलच आहे.

पण शोधायच्या आधी तीन पत्तीवाल्यांनी दोन गोष्टी डोक्यातून काढून टाका. एक म्हणजे कलर (सगळी पानं एकाच चिन्हाची) आणि सिक्वेन्स (ओळीने लागलेली पानं). आपल्यात सिक्वेन्स कलरला मारतो, पोकरमध्ये उलटं, कलर मोठा. माझ्या चुलतभावाने पहिल्याच दिवशी सिक्वेन्स लागला म्हणून सगळ्या चिप्स ढकलल्या आणि समोरच्याने पाच बदाम दाखवले, तर हा ओरडतो, "अरे कलर कसो मोठो? माझो सिक्वेन्स आसा!" ॲप फसवतंय असंच त्याला वाटलं. फसवत नाही. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणून तिथे सिक्वेन्स दुर्मिळ. पाच पानांचे होतात २५,९८,९६० आणि त्यात सिक्वेन्स १०,२०० पण कलर फक्त ५,१०८, म्हणून इथे कलर भारी. जे कमी लागतं ते मोठं, एवढाच हिशेब. (तीन पत्तीत मात्र हा हिशेब ट्रेलला चुकतो, ट्रेल म्हणजे तीन सारखी पानं ५२ आणि प्युअर सिक्वेन्स म्हणजे एकाच चिन्हाची ओळ ४८, तरी ट्रेल वरती. कुणी ठरवलं काय माहीत.)

दुसरी गोष्ट ब्लाइंड. आपल्याकडे ब्लाइंड म्हणजे पान न बघता चाल. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे डीलरच्या डावीकडच्या दोघांनी पत्ते वाटायच्या आधीच सक्तीने टाकायचे पैसे, पहिल्याचा स्मॉल आणि दुसऱ्याचा बिग, आणि टूर्नामेंटमध्ये हे दर काही मिनिटांनी वाढत जातात. तीन पत्तीतल्या बुटासारखंच समजा, फक्त सगळ्यांनी न भरता दोघांनीच पाळीपाळीने भरायचा आणि तो फुगत जातो. हे एकदा कळलं की टूर्नामेंट कशी निवडायची ते निम्मं कळलं.

आता ॲप. प्ले स्टोअरवर झिंगा पोकर आहे, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या मोठ्या स्पर्धेच्या नावाचं एक आहे, अजूनही बरीच आहेत. यातलं कुठलंही चालेल, पण चिप्स संपल्या की ही ॲप विकत घ्या विकत घ्या म्हणून मागे लागतात. घेऊ नका. रोजच्या फुकट चिप्स मिळतात, त्या संपल्या की उद्या या. खऱ्या पैशाने घेतलेली खोटी चिप परत पैसा होत नाही, म्हणजे शिमग्यातल्या सोंगाला खरं सोनं घालण्यातला प्रकार. आणि चिप्सच्या ॲपने आधार, पॅन मागितलं किंवा यूपीआयने डिपॉझिट भरा म्हटलं तर ते चिप्सचं ॲप नाहीच, तिथूनच मागे फिरा.

ॲप उघडलं की लॉबीत टूर्नामेंटची यादी असते, आणि नवीन माणूस काय करतो तर जिथे बक्षीस मोठं दिसतं तिथे घुसतो. तसं करू नका. चार गोष्टी बघायच्या आणि त्यात बक्षीस नाही.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, सुरुवातीला किती बिग ब्लाइंड हातात मिळतात. १,५०० चिप्स म्हणजे खूप वाटतात, पण बिग ब्लाइंड १०० असेल तर ते फक्त १५ झाले, म्हणजे बसल्या बसल्याच उठायची वेळ आलेली. तेच ५,००० चिप्स आणि बिग ब्लाइंड ५० असेल तर १०० झाले, आता निवांत खेळता येईल, चार हात पॅक करता येतील म्हणजे पानं टाकून देता येतील, चूक करून सावरता येईल. चिप्सला बिग ब्लाइंडने भागायचं, ७५ च्या खाली आलं तर शिकण्यासाठी ती टूर्नामेंट नको.

दुसरी, लेव्हल किती मिनिटांची, म्हणजे ब्लाइंड किती मिनिटांनी वाढतात. १० मिनिटं किंवा जास्त असेल तर उत्तम. ५ च्या आसपास म्हणजे टर्बो, २-३ मिनिटं म्हणजे हायपर टर्बो, त्यात शिकण्यासारखं काही नाही, पान बरं दिसलं की सगळं पुढे ढकलायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. फुकटच्या यादीत टर्बोच जास्त दिसतात कारण लोकांना धीर नाही. जरा खाली स्क्रोल करा.

तिसरी, परत आत यायला देतात का. हरल्यावर पुन्हा चिप्स घेऊन बसता येतं तिला रीबाय किंवा रीएन्ट्री म्हणतात, आणि जिथे एकदा गेलात की गेलात ती फ्रीझआउट. फुकटात रीएन्ट्री म्हणजे पहिला तासभर निव्वळ धुडगूस, सात्या-दुर्रीवर पण लोक ऑल इन, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे. फ्रीझआउटमध्ये तोच माणूस जरा तरी विचार करतो, कारण परत यायला दार नाही. मी नवीन माणसाला फक्त फ्रीझआउटच सांगतो.

चौथी, माणसं किती. शेकडो माणसांची टूर्नामेंट तीन-चार तास सहज खाते आणि बक्षीस साधारण वरच्या १०-१५ टक्क्यांनाच मिळतं, म्हणजे नवीन माणूस दहापैकी नऊ वेळा रात्र घालवून हात हलवत उठणार. त्यापेक्षा सिट अँड गो घ्या, ६ किंवा ९ जणांचं एकच टेबल, माणसं भरली की सुरू. शेवटचे दोघे उरतात तेव्हा कसं खेळायचं हे मोठ्या टूर्नामेंटमध्ये वर्षभर शिकायला मिळणार नाही, सिट अँड गोमध्ये आठवड्यात मिळतं.

कधीकधी यादीत "१०० अधिक १०" असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा बक्षिसात जातो, दुसरा चालवणाऱ्याचा. खोट्या चिप्समध्ये त्याने काही फरक पडत नाही, पण वाचायची सवय असू द्या. सॅटेलाइट म्हणजे जिथे बक्षीस पैसा नसून मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट असतं. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा अमेरिकन अकाउंटंट असाच ऑनलाइन सॅटेलाइटमधून वर्ल्ड सिरीजच्या मेन इव्हेंटला पोचला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. आडनाव पण खरंच मनीमेकर. ती गोष्ट ऐकून जगभरातली पोरं पोकरला लागली, आणि बाकीच्या ८३८ जणांची गोष्ट कुणी सांगत नाही.

फुकटच्या टेबलावर एक तक्रार कायम ऐकू येते, "माझे एक्के पण हरतात." हरणारच. हातात मिळणाऱ्या दोन पानांत एक्क्यांची जोडी २२१ हातांत एकदा येते. समोर कुठलीही पानं घेऊन एकच जण असेल तर ती सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते, पण चार जण काहीही पान घेऊन शेवटपर्यंत चिकटले तर ५६ टक्क्यांच्या आसपासच उरते. म्हणजे जगातला सगळ्यात भारी हात आणि तरी जवळजवळ नाणेफेक. उपाय एवढाच, पहिली दहा-पंधरा मिनिटं काही करू नका. वेडे लोक एकमेकांना संपवतात, मग निम्मं टेबल उरतं आणि तिथून खरा पोकर सुरू होतो. तोपर्यंत पॅक, पॅक, पॅक. तीन पत्तीतला माणूस पॅक करायला लाजतो, इथे लाजलात तर गेलात.

आता आपल्या भागातली खास अडचण, लाईट आणि रेंज. जून-जुलैत मासेमारी बंद, १ जून ते ३१ जुलै, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, संध्याकाळी कामधंदा नाही म्हणून खेळायला सगळ्यात जास्त वेळ तेव्हाच आणि लाईट पण सगळ्यात जास्त तेव्हाच जाते, सोबत टॉवरही. टूर्नामेंट तुमच्यासाठी थांबत नाही, तुमचे पत्ते आपोआप पॅक होतात आणि ब्लाइंड कापले जातात. पण घाबरू नका, हिशेब करा. ९ जणांच्या टेबलावर एक फेरी म्हणजे दीड बिग ब्लाइंड जातो. १० मिनिटांत साधारण दहा-बारा हात होतात, म्हणजे साधारण दोन, फार तर तीन बिग ब्लाइंड. सुरुवातीला तुमच्याकडे १०० आहेत, काही बिघडत नाही, चहा करून या. शेवटी १० उरलेले असताना गेली तर मात्र संपलं. म्हणून फोन पूर्ण चार्ज करून, वायफायवर न बसता डेटावर बसा, आणि आभाळ भरून आलं असेल तर लांबलचक टूर्नामेंट घेऊच नका, ६ जणांची सिट अँड गो तासाभरात आटपते.

एक गोष्ट सांगायला नको वाटते पण सांगतो. आमच्याच ओळखीतल्या एकाला टेलिग्रामवर "छोटे स्टेक, खात्रीचं पेमेंट" अशी लिंक आली, ॲप प्ले स्टोअरवरचं नाही, फाईल पाठवलेली, एजंटला यूपीआय केलं की चिप्स मिळणार. पहिल्यांदा ३०० चे ५०० करून खरंच परत दिले. मग त्याने जाळं खरेदीला ठेवलेले टाकले, आणि एजंटचा नंबर बंद. तक्रार करायला पण लाजत होता. असं झालं तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा, पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता असते. आणि खेळ सुटतच नाही, झोप उडाली, उधारी व्हायला लागली असं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे.

आता माझी सगळ्यात आवडती टूर्नामेंट, जी शोधावी लागत नाही, आपणच लावायची. पोकर नाऊ नावाची साईट आहे, ब्राउझरमध्ये टेबल तयार करायचं आणि लिंक व्हॉट्सॲपवर टाकायची, झालं. एक भाऊ डोंबिवलीत, एक पुण्यात, दोघे गावात, आत्याचा मुलगा मस्कतला, सगळे एका टेबलावर. पैसे अजिबात नाही. ८ जण, प्रत्येकी ५,००० चिप्स, ब्लाइंड २५-५० पासून, लेव्हल १० मिनिटांची, मग ५०-१००, ७५-१५०, १००-२००, १५०-३००, २००-४००, ३००-६००, ४००-८००, ६००-१,२००, १,०००-२,०००. एकूण चिप्स ४०,००० असल्यामुळे दहाव्या लेव्हलला सगळे मिळून २० च बिग ब्लाइंड उरतात, त्याच्या पुढे ती फारशी जात नाही, म्हणजे पावणेदोन तासांत निकाल.

स्टेक, म्हणजे पणाला लावलेलं, काहीतरी लागतोच नाहीतर लोक वेड्यासारखे ढकलतात. आमच्यात ठरलंय, सगळ्यात आधी बाद होणाऱ्याने पुढच्या गणपतीत सगळ्यांसाठी नारळ खवायचे. गेल्या खेपेला वहिनी जिंकली, जिला आम्ही बळेच बसवली होती आणि जी पहिला पाऊण तास नुसती पॅक करत होती, आणि नारळांची पाळी आली पोकर आणणाऱ्या त्या चाकरमान्यावर. विळीवर कसं बसतात ते पण त्याला दाखवावं लागलं.