ओएसपीएफ: इंटरफेसवर काय लावायचं आणि कुठल्या टोकापासून

कराड आणि पाटणच्या मध्ये आमच्या दोन लिंक आहेत. एक फायबरची, दुसरी टॉवरवरच्या रेडिओची. दोन्ही टोकांना लिनक्सच्या पेट्यांवर एफआरआर (लिनक्सला राउटर बनवणारं सॉफ्टवेअर) चालतं. ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी एकमेकांना वाटा कळवायची पद्धत, सुरू करणं दोन मिनिटांचं काम, पण भांडणं होतात ती इंटरफेसवर, म्हणजे लिंक जिथे लागते त्या पोर्टवर. इथे टाळी खरंच एका हाताने वाजत नाही: एरिया (नेटवर्कचा विभाग), हॅलो (‘मी आहे’ हा निरोप किती सेकंदांनी पाठवायचा), डेड (किती सेकंद निरोप आला नाही की पलीकडचा गेला समजायचं) आणि पासवर्ड दोन्हीकडे जुळले नाहीत तर शेजारी, म्हणजे पलीकडचा राउटर, दिसतच नाही.

व्हीटीवायएसएचमध्ये (एफआरआरला कमांड द्यायची जागा) शिरा, कॉन्फिग मोडमध्ये जा, इंटरफेस निवडा आणि ‘आयपी ओएसपीएफ एरिया ०’ द्या. लगेच पुढची ओळ ‘आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट’. इथरनेटला ओएसपीएफ मुळात ब्रॉडकास्ट (अनेक राउटरांची सामायिक लिंक) समजतं आणि दोनच राउटर असले तरी डीआर, म्हणजे सगळ्यांच्या वतीने बोलणारा राउटर, कोण हे ठरवायला ४० सेकंद थांबतं. दोघांत कसली निवडणूक! मात्र ही ओळ दोन्हीकडे हवी. एकीकडेच दिली तर शेजारी ‘फुल’ (पूर्ण जुळलेला) दिसतो आणि रूट, म्हणजे वाटा, मात्र येत नाहीत. यात आमच्याकडच्या एका नव्या पोराची अख्खी दुपार गेली होती.

ग्राहकांकडे जाणारे इंटरफेस पॅसिव्ह करा. तिथला पत्ता जाहीर होतो, हॅलो जात नाही. हे विसरलात तर कुणीही घरात राउटर लावून तुमचा शेजारी बनू शकतो.

आता कॉस्ट, म्हणजे वाटेची किंमत. जिची कमी, ती वाट आधी वापरली जाते. बऱ्याच राउटरवर मुळातला हिशोब १०० एमबीपीएस भागिले लिंकचा वेग असा असतो, म्हणून तिथे १०० एमबी, १ जीबी आणि १० जीबी, सगळ्यांची कॉस्ट १ येते. रेफरन्स बँडविड्थ (भागाकारातला वरचा आकडा) वाढवायची तर सगळ्या राउटरवर सारखी वाढवा. मी सरळ हाताने देतो: फायबर १०, रेडिओ १००. कुणी रात्री उठून बघितलं तरी कळतं की रेडिओ हा पर्याय आहे.

टायमरना शक्यतो हात लावू नका. हॅलो १०, डेड ४० ठीक आहेत. मी एकदा हुशारी करून रेडिओवर हॅलो १, डेड ३ लावलं होतं. जुलैत पाटणचा पाऊस सुरू झाला आणि प्रत्येक जोरदार सरीला शेजारी पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा. फायबर तुटल्यावर ती पटकन सोडायची असेल तर बीएफडी (लिंक पडली हे झटकन ओळखणारी वेगळी तपासणी) वापरा, तेही फायबरवरच.

सगळ्यात जास्त झोप एमटीयूने, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकाराने, उडवलीय. शेजारी दिसतो, पण ‘फुल’च्या आधीच्या ‘एक्सस्टार्ट’ नाहीतर ‘एक्सचेंज’ या पायरीवर अडकतो, तेव्हा बहुतेक वेळा एमटीयूच जुळत नसतो. तुकडे करायला मनाई करून १४७२ बाइटचा पिंग पाठवा. वर आयसीएमपीच्या हेडरचे ८ आणि आयपीच्या हेडरचे २० धरले की १५०० होतात. जात नसेल तर मधल्या कुठल्या तरी पेटीची मर्यादा कमी आहे. ‘एमटीयू-इग्नोर’ (एमटीयू जुळतो का हे बघूच नको) मारून मोकळं होण्याचा मोह होतो. तो आवरा. आज शेजारी ‘फुल’ होतो, आणि डेटाबेस वाढून मोठं पाकीट निघालं की तेच गळतं.

चालू लिंकवर बदल करताना आधी लांबचं टोक, मग जवळचं. उलट केलंत आणि दुसरी वाट नसेल, तर पाटणची एसटी पकडा. लॉगिनही कराडच्या राउटरवरूनच, थेट लिंकच्या पत्त्यावर करा. तो पत्ता जोडलेल्या सबनेटमधला असतो, त्यामुळे ओएसपीएफ पडलं तरी हातातून सुटत नाही.

मग ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’. दोन्ही लिंकवर ‘फुल’ दिसलं की फायबरचा इंटरफेस मुद्दाम बंद करून पिंग रेडिओवरून जातोय का बघा, इंटरफेस परत चालू करा, आणि बदल जपून ठेवायला दोन्ही टोकांना ‘राइट मेमरी’ द्या.