तैवानमधल्या ताइनानला जाताय? आधी वार बघा

व्हिसा, पासपोर्ट, विमा तुम्ही करालच, त्यावर शब्द खर्च करत नाही. पहिलं काम, कॅलेंडर काढा आणि वार बघा. तारीख नव्हे, वार. मुंज असो की वास्तुशांत, आपण वार बघितल्याशिवाय हलत नाही, आणि मी मात्र तिकीट स्वस्त पडतं म्हणून मंगळवार-बुधवार धरले. मंगळवारी रात्री उपाशीपोटी टॅक्सी करून ह्वायुआन नाइट मार्केटला गेलो, तर समोर अंधारं मैदान. ते भरतं फक्त गुरुवारी, शनिवारी आणि रविवारी, आपल्या आठवडी बाजारासारखं. त्याच वेळी दादोंगचं दुसरं नाइट मार्केट ऐन भरात होतं, हे हॉटेलवर बिस्किटं खाताना कळलं. बुधवारी चिमेई संग्रहालयात गेलो, तर त्यांची साप्ताहिक सुट्टी बुधवारची!

कुठलं नाइट मार्केट कुठल्या वारी, यावर तिथल्या लोकांची एक घोकंपट्टी आहे, ती पाठच करा: दा, दा, वू, ह्वा, दा, वू, ह्वा. सोमवारपासून एकेक अक्षर मोजायचं. दा म्हणजे दादोंग, वू म्हणजे वूशंग, ह्वा म्हणजे ह्वायुआन. शनिवारी वूशंगबरोबर ह्वायुआनही असतं. जुन्या खानावळींच्याही सुट्ट्या आठवड्याच्या मधल्या वारांना पडतात, म्हणून जिथे खायचंच आहे त्या प्रत्येक जागेपुढे तिचा सुट्टीचा वार लिहून ठेवा. प्रत्येक जागेपुढे.

हाय-स्पीड रेल्वेने तैपेईहून साधारण पावणेदोन तास लागतात, पण ते ताइनान स्थानक गावाबाहेर आहे. उतरून शेजारच्या शालुनहून लोकल पकडा, जुन्या शहरात आणखी अर्धा तास धरा. हॉटेल जुन्या शहरातच घ्या.

रोख पैसे न्या. म्हाताऱ्या आजींच्या गाड्यावर कार्ड चालत नाही. रुपये बदलून मिळतील या भरवशावर राहू नका, अमेरिकन डॉलर न्या.

आनपिंगचा किल्ला सकाळी करा, ऊन असह्य होतं. डचांनी 1624 पासून तो बांधायला घेतला, आणि चिनी सेनापती झंग छंगगोंगने नऊ महिने वेढा घालून 1662 मध्ये तो त्यांच्याकडून घेतला. पांढऱ्या मनोऱ्याचा फोटो काढून माघारी फिरू नका, तो बराच नंतरचा आहे. डचांच्या वेळची म्हणून जी विटांची भिंत उरलीय, ती बाहेरच्या बाजूला झाडाच्या मुळांनी आवळलेली आहे. तिच्या चुन्यात साखरेचं पाणी, चिकट भात आणि शिंपल्यांची पूड होती म्हणतात. जेवताना हे आठवेल, कारण या गावात भिंतीपासून रश्श्यापर्यंत सगळं गोड! कोल्हापूरकरांनी ठेच्याची बाटली न्यावी. शेजारीच पारंब्यांनी गिळलेलं जुनं गोदाम आहे, तेही बघा. डचांचाच दुसरा किल्ला छिकानलौ (1653) आणि कन्फ्यूशियसचं मंदिर (1665) संध्याकाळकडे ठेवा. दुरुस्तीचं काम चालू नाही ना, हे आदल्या दिवशी बघा. आणि हो, वारही बघा.

खाण्याचं. बीफ सूप पहाटेचं असतं, कच्च्या पातळ कापांवर उकळता रस्सा ओततात. नऊला उठणाऱ्याला रिकामं पातेलं दिसतं. सबाही माशाची पेजही सकाळचीच. काट्यांची सवय असलेल्या कोकणी माणसाला ती घरची वाटेल. दानझाई नूडल्सची वाटी अगदी लहान असते, फसवणूक समजू नका, ती तेवढीच असते. शाकाहाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. पाटीवर स्वस्तिकासारखं चिन्ह किंवा 素 हे अक्षर शोधा. बौद्ध पद्धतीच्या अशा खानावळीत कांदा-लसूणही सहसा नसतो. आईचा चातुर्मास होता, आणि आमच्यात सगळ्यात पोटभर तीच जेवली.

हयाशी डिपार्टमेंट स्टोअर 1932 चं, गच्चीवर जा, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बच्या खुणा आहेत. शेननोंग गल्ली रात्री. छत्री. डासांचं मलम. हॉटेलचा पत्ता चिनी अक्षरांत फोनवर.

जुलै ते सप्टेंबर वादळांचे दिवस, नोव्हेंबरनंतर जा. तिकीट काढण्याआधी, पैसे भरण्याआधी, पुन्हा एकदा: दा, दा, वू, ह्वा, दा, वू, ह्वा.