कोलंबाइन बघायला रॉकी पर्वतात जाताय? या चुका टाळा

कोलंबाइन हे इथलं रानफूल, अ‍ॅक्विलेजिया कुळीतलं. निळं असेल तरच कोलंबाइन, असं धरून चालणं ही पहिली चूक. कोलोरॅडोने 1899 मध्ये राज्यफूल ठरवलेली अ‍ॅक्विलेजिया सीरुलिया तिथे निळी-पांढरी दिसते. युटाकडे मात्र तीच जात फिकट होत जवळजवळ पांढरी होते. ते फूल उन्हाने विटलेलं नसतं. तिन्हीसांजेला येणाऱ्या हॉकमॉथ पतंगांना फिका रंग अंधुक उजेडातही दिसतो.

तेव्हा रंग सोडा, फुलामागची शुंडिका, म्हणजे मागे शेपटीसारखी निघालेली पोकळ नळी बघा. आपल्या तेरड्याला एक असते, इथे पाच, आणि मकरंद त्यांच्या टोकाशी. सीरुलियाच्या शुंडिका लांबलचक. लाल फूल खाली लोंबतंय आणि शुंडिका आखूड, सरळ आहेत? मग ती एलेगँट्युला ही दुसरी जात, हमिंगबर्डची लाडकी. वृक्षरेषेच्या वर, म्हणजे झाडं उगवायची थांबतात त्या उंचीपलीकडे, खडकांत वीतभर उंचीची सॅक्सिमोंटाना ही जात असते. तिच्या शुंडिका आकड्यासारख्या वळलेल्या. कोलोरॅडोबाहेर ती रानात सापडत नाही, आणि चालता चालता नजर टाकली तर कोलोरॅडोतही सापडत नाही.

सगळ्यात मोठी फसगत होते ती बिनशुंडिकेच्या फुलांपाशी. कोलोरॅडोतल्या रेनॉल्ड्स पार्कमध्ये सीरुलियाची अशी बरीच झाडं आहेत. लोक ती रोगट समजून पुढे जातात, आणि नेमकं बघण्यासारखं तेच राहून जातं! एका जनुकातल्या बिघाडामुळे त्यांच्या पाकळ्यांचे निदलच (फुलाच्या बाहेरच्या वेढ्यातली दलं) होतात, मकरंद नाहीसा होतो. मग हा प्रकार टिकला कसा? 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातलं उत्तर मजेशीर आहे: हरणं आणि मावा या फुलांच्या वाटेला कमी जातात, म्हणून बी जास्त धरतं. परागण करणाऱ्या कीटकांचा यात हात नाही.

वेळ चुकवू नका. पायथ्याशी बहर जूनमध्येच येतो, उंचावर जुलै-ऑगस्ट उजाडतो. जूनमधले फोटो बघून ऑगस्टमध्ये पायथ्याशी गेलात तर सुकलेली बोंडं मिळतील.

आणि रोप उपटून आणायचा मोह आवरा. सोटमूळ खोल जातं, तुटलं की रोप सहसा जगत नाही. शिवाय कोलोरॅडोत सार्वजनिक जमिनीवरून ते उपटायला 1925 पासून कायद्याने बंदी आहे. बागेत हवंच असेल तर रोपवाटिकेतून बी घ्या, पेरण्याआधी काही आठवडे ओलसर करून फ्रिजमध्ये ठेवा. दोन जाती शेजारी लावल्यात तर त्यांचा सहज संकर होतो, पुढच्या पिढीचा रंग तुमच्या हातात राहत नाही.